कांगलं बांधणारा हात

गोव्यातल्या लाटंबार्शे गावी एका घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असलेला मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे, मित्रांनो. माझ्या पट्ट्याला बुरशी आली आहे आणि बॅटरी फुगली आहे. पण स्मरण अजून शाबूत आहे, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

माझा धनी गौरेश. म्हापशाच्या दुकानातून त्याने मला आणलं तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. लग्न असो की जत्रेतलं नाटक, सगळ्यांत चांगली जागा माझी असायची. गौरेश कामाला चोख होता. दिवसभराचं लग्न असलं की तो मला हलक्या फॉरमॅटवर ठेवी, म्हणजे कार्डात जास्त मावे. मोलाचं काम असलं की जड फॉरमॅट, म्हणजे चित्रातलं बारीकसारीक काही गळू नये. रंगांचंही तसंच. घाईच्या कामाला मी गडद, तयार रंग द्यायचो. पण जीव ओतायच्या कामाला तो मला ‘लॉग’ नावाच्या कलर प्रोफाइलवर ठेवायचा. त्यात चित्र फिकं, धुवट दिसतं. रंग आत दडलेले असतात आणि ते मागाहून कॉम्प्युटरवर वर काढायचे असतात. पेजेत मीठ मागाहून घालतात ना, तसंच.

त्या वर्षी गौरेशची आई, अनुसया, फार आजारी होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला होता. तरी चवथीच्या आदल्या दिवशी ती हट्टाने उठली. गणपतीच्या वर टांगायची माटोळी, म्हणजे रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट, त्या घरात तिच्याशिवाय कुणी बांधलीच नव्हती. डोंगरावरचं प्रत्येक फळ ती नावानिशी ओळखायची. गौरेशने मला तिच्यासमोर उभं केलं. जड फॉरमॅट, लॉग प्रोफाइल.

“आये, तू फक्त नावां सांग,” तो म्हणाला. “तनयाक मागीर दाखवूया.”

तनया त्याची लहान मुलगी. अनुसया माझ्याकडे बघून हसली. “ही शिपटां, ही घागऱ्यो, ही कांगलां. कांगलां लाल नाय तर माटोळी कसली? पुढच्या वर्सां मी नसान, बाय. ही नावां विसरू नको.”

मी तिचा शब्द न् शब्द टिपला. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरेश आरतीला शेजारी गेला होता. त्याच्या वडिलांनी, काशिनाथांनी, मला हातात घेतलं. बटणं त्यांना लेकानेच शिकवली होती. माझ्या छोट्या पडद्यावर त्यांना आपली बायको दिसली. चेहरा निस्तेज, कपाळावरचं कुंकू राखेच्या रंगाचं. आत ती निजली होती. तिच्या नजरेला हे पडू नये म्हणून त्यांनी मला सांगितलं, पुसून टाक. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मी पुसलं.

पुढल्या दिवशी गौरेश मला घेऊन फोंड्याला एका देवळातल्या कार्यक्रमाला गेला. आईचं चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवलंय अशी त्याची समजूत होती. जड फॉरमॅटने ते कार्ड काठोकाठ भरलं आणि पुसलेल्याच्या जागी दुसरंच बसलं. पितृपक्षात अनुसया गेली.

बाराव्यानंतर गौरेश ते चित्रीकरण शोधू लागला. त्याने कार्ड पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी काशिनाथच म्हणाले, “तां बिघडलेलां, रे. तिच्या कपाळाचां कुंकू राखेसारख्यां दिसत होतां. तिना बघलां असतां तर? म्हणान मी पुसून टाकलां.”

गौरेशने मग जुन्या फायली उघडल्या. कॉम्प्युटरवर त्याला एकच तुकडा मिळाला. सुरुवातीला मला पारखून बघताना त्याने घेतलेला, माइक लावायच्या आधीचा, म्हणून मुका; त्या दिवशी तेवढाच उतरला होता. त्यात फक्त अनुसयेचा हात होता, कांगलं बांधणारा. वडिलांना शेजारी बसवून त्याने तो लावला. आधी राखाडी होता. मग हळूहळू त्याने रंग वर काढले. बांगड्या हिरव्या झाल्या. कांगलं लालभडक झालं.

काशिनाथ बघतच राहिले. मग हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “तोंड नाय, रे?”

“नाय, बाबा.”

त्या घरात मी बापाला आणि लेकाला एकमेकांसमोर रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर गौरेशने नवा कॅमेरा घेतला. मला विकायला मात्र त्याला धीर होत नाही.

मित्रांनो, एखादी गोष्ट फिकी दिसली म्हणून लगेच पुसू नका. कुणाला तरी विचारा. आणि तुम्हाला यंत्राची जी खुबी ठाऊक असते ती घरच्यांनाही सांगा. लॉगचं गुपित गौरेशने गिऱ्हाइकांना शंभरदा समजावलं होतं, बापाला एकदाही नाही.

आता चवथीला तनया माटोळी बांधते. अर्ध्या फळांची नावं तिला ठाऊक नाहीत. ती आजोबांना विचारते, आणि आजोबा कॉम्प्युटरसमोर बसून लेकाला म्हणतात, “हात दाखय, रे.” हात गाठ मारतो, आणि चित्र संपतं.