वाळूच्या डेपोतलं वाळवंट

ताईने डिंकात कालवलेला मैदा बोटावर घेतला आणि अप्पांच्या खालच्या ओठावर थापला. वर्तमानपत्राने वारा घालून तो वाळवला, मग अंगठ्याने हलकेच चुरगळला. ओठ तडकला. तहानेने मरायला टेकलेल्या माणसाचा ओठ तयार झाला.

"हलू नका हं, अप्पा."

"मी कुठे हलतोय? गाडी उन्हात उभी आहे. टायर बघून यायला हवेत."

"बघू नंतर."

"नंतर काय नंतर? माणसं खोळंबलीत माझी."

गाडीला टायर नव्हते. इंजिनही नव्हतं. भंगारवाल्याच्या हातापाया पडून आणलेला तो एका मिनीबसचा नुसता सांगाडा होता. चाकांच्या जागी विटा रचल्या होत्या आणि त्या झाकायला वाळू लोटली होती, म्हणजे चाकं रुतल्यासारखी दिसावीत. वाळवंट म्हणजे बांधकामाच्या वाळूचा डेपो. तीन बाजूंना वाळूचे डोंगर, चौथ्या बाजूला रस्ता आणि त्यापलीकडच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या चादरी. कॅमेरा जरा डावीकडे सरकला की वाळवंटात फरश्यांच्या जाहिरातीचा भलामोठा फलक उगवायचा. म्हणून बारक्याने सगळ्यांना दम भरला होता, डावीकडे बघायचं नाही. इथे माणसं उजवीकडे बघत मरायची.

बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग करून करून त्याचं डोकं फिरलं होतं, असं ताईचा नवरा, म्हणजे दाजी म्हणायचे. डोक्यात सिनेमा होता. वाळवंटात बंद पडलेली गाडी, तिचा म्हातारा ड्रायव्हर, चार प्रवासी. प्रवासी एकेक करून मरतात. शेवटी ड्रायव्हर गाडी सोडून चालू लागतो आणि वाळूत दिसेनासा होतो. हे सांगताना बारक्या डोळे मिटून घ्यायचा, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणायची लाज वाटायची.

नट आणायची ऐपत नव्हती, म्हणून घरची आणि शेजारपाजारची माणसं धरून आणली. मग कुणी कधी मरायचं हे कथेने ठरवलं नाही, रजेने ठरवलं. दाजी साप चावून सगळ्यांत आधी गेले, कारण सोमवारी त्यांना गोदामावर हजर व्हायचं होतं. बँकेतल्या कॅशिअरची रजा वाढवून मिळाली नाही, तो उष्माघाताने गेला. शेजारच्या काकूंकडे मुलगी बाळंतपणाला येणार होती, त्या झोपेतच गेल्या. मरताना त्यांनी कॅमेऱ्यासमोर मोबाइल बंद केला, तो भाग कापावा लागला. शिंपी चिवट निघाला, पण त्याच्याकडे लग्नाचे ब्लाउज आले आणि तोही गेला. मोकळे होते ते एकटे अप्पा, ताई आणि बारक्याचे वडील. जन्मभर प्रवासी गाडी चालवून निवृत्त झालेले. जो सगळ्यांत थकलेला, तोच शेवटपर्यंत टिकला.

जाणकार मंडळी असल्या गोष्टींना प्रामाणिक प्रयत्न म्हणतात. प्रामाणिक कोण होतं, ते ताईला चांगलं माहीत होतं. तिथे एकच माणूस प्रामाणिक होता आणि त्याला हा सिनेमा आहे हे कळत नव्हतं.

तिने भावाला वाळूच्या ढिगाआड गाठलं. तो लेन्स पुसत होता.

"हल्ली तू कट म्हणत नाहीस."

"लागतच नाही. अप्पा असे शिरलेत भूमिकेत, ताई! असा नट मला जन्मात मिळणार नाही."

"नट."

"मग? काल ते रिकाम्या सीटशी बोलत होते. मी सांगितलंही नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या."

"माझ्याही आला. परवा कपाट आवरताना त्यांच्या शर्टांच्या घडीत पाण्याच्या बाटल्या सापडल्या. पलंगाखाली, बुटांच्या खोक्यात, सगळीकडे बाटल्या. विचारलं तर म्हणाले, मागच्या सीटवरच्या बाईंसाठी ठेवल्यात."

"तेच म्हणतोय ना मी! घरी गेले तरी भूमिका सुटत नाही."

तो लेन्सचा तोच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत होता.

"बारक्या, तुला दिसत नाही की तू बघत नाहीस?"

"म्हातारपण आहे. थोडं विसरतात. सगळेच विसरतात." त्याने लेन्स कॅमेऱ्याला लावली. "उद्या सकाळी ट्रक येणार आणि हा ढीग उचलणार. आज त्यांचं चालत जाणं मिळालं नाही तर माझ्याकडे काही नाही. नुसती मरणारी माणसं आहेत. शेवट नाही. एवढं होऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेऊ."

"मग म्हणजे कधी? सिनेमा झाल्यावर?"

त्याने मान वर करून आकाश बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं आणि त्याला तेच ऊन हवं होतं.

अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. पुढची काच नव्हती, त्यामुळे वाळू सरळ आत यायची आणि त्यांच्या भुवयांवर बसायची. बारक्याने कॅमेरा लावला.

"अप्पा, आता उतरायचं. मागे वळून बघायचं नाही. त्या ढिगाकडे चालत सुटायचं. बस्स."

"आणि गाडी?"

"गाडी राहू दे."

"माणसं कुठे गेली?"

"अप्पा, चला ना. ऊन जातंय."

"अरे, पण माणसं कुठे गेली? माझ्या गाडीत चौघं होती." त्यांनी वळून रिकाम्या सीटा बघितल्या. "उतरली असतील तर कुठे उतरली? इथे थांबा नाही."

बारक्याच्या तोंडून ते निसटलं की त्याने मुद्दाम म्हटलं, हे ताईला पुढेही कधी ठरवता आलं नाही. कॅमेरा चालू होता एवढं खरं.

"मेली, अप्पा. सगळी मेली."

अप्पांचे हात स्टिअरिंगवरून हळूच खाली आले आणि मांडीवर पालथे पडले.

"माझ्या गाडीत?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

चिकटवलेला ओठ एका बाजूने सुटून लोंबू लागला. आयुष्यभर या माणसाने एकच बढाई मारली होती, की रस्त्यात एकही प्रवासी टाकून तो घरी आला नाही. त्या बढाईवर घर चाललं होतं, पोरं मोठी झाली होती. बारक्या श्वास रोखून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. ताईला त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि वाजवली असती तरी चाललं असतं. तिने फोन काढला आणि दाजींना लावला.

"कुठे आहात? असाल तसे डेपोवर या. काकूंना घ्या, शिंप्याला घ्या. कॅशिअरला बँकेतून उचला."

"अगं, पण मी तर मेलोय," दाजी म्हणाले.

"म्हणूनच या."

वारा सुटला. वाळूची एक पातळ चादर जमिनीपासून वीतभर वर तरंगत वाहू लागली आणि ढिगांचे पाय दिसेनासे झाले. गाडी जागच्या जागी होती, पण वाहत्या वाळूकडे बघत राहिलं की तीच हलकेच पुढे सरकल्यासारखी वाटायची. त्या पिवळ्या धुरळ्यातून मेलेली माणसं आली. पुढे गोदामाच्या निळ्या सदऱ्यात दाजी, त्यांच्यामागे गळ्यात टेप अडकवलेला शिंपी, मग छातीवर ओळखपत्र लटकत असलेला कॅशिअर. काकू हातात औषधांची पिशवी घेऊन शेवटी.

"मेल्यावर तरी स्वस्थ बसू द्या बाई," काकू म्हणत होत्या. स्टिअरिंगमागे अप्पांचा चेहरा दिसला आणि त्यांनी पिशवी छातीशी धरली.

अप्पांनी कुठे होतात असं विचारलं नाही. त्यांनी बोट नाचवत माणसं मोजली, पुन्हा एकदा मोजली.

"या, या. बसा. उशीर झाला, पण हरकत नाही. भरून काढू."

मग ते उठले आणि आपल्या सीटखालून बाटल्या काढून एकेकाला देत गेले. कॅशिअरने ताईकडे बघितलं. ताईने होकारार्थी मान हलवली. त्याने झाकण उघडलं आणि प्यायला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. सिनेमात तो इतका बरा कधीच प्यायला नव्हता.

ताई मागच्या सीटवर बसली. बारक्या कॅमेरा खांद्यावर घेऊन आत चढला.

"दार लावा," अप्पा म्हणाले.

दार नव्हतं. बारक्याने मोकळ्या हाताने दाराच्या जागची हवा ओढून घेतली.

अप्पांनी किल्ली फिरवली. क्लच दाबला, गिअर टाकला, कानोसा घेतला आणि मान डोलावली. पहिला धक्का त्यांच्याच खांद्यांना बसला. मग दाजींच्या मानेला, मग शिंप्याच्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. जन्मभर गाड्यांतून फिरलेली माणसं होती ती, अंगांना ठाऊक होतं. अप्पांनी डावीकडे वळण घेतलं की सगळी उजवीकडे कलायची. खड्डा आला की काकू सीटवरून उचलल्या जायच्या आणि "अगं आई गं" म्हणायच्या. खिडक्यांतून वाळू मागे मागे वाहत होती. संध्याकाळचं ऊन एका खिडकीतून शिरून सगळ्यांच्या मांड्यांवरून घरंगळत दुसरीकडून बाहेर पडत होतं. ताईला लहानपणचं आठवलं. अप्पांच्या मागच्या सीटवर बारक्या तिच्या मांडीवर झोपलेला असायचा, आणि ती रस्ता संपू नये म्हणून जागी राहायची.

"बँक!" अप्पा ओरडले. "बँकवाले कोण?"

"मी," कॅशिअर म्हणाला. तो उठला, दांडी धरून तोल सावरत दारापर्यंत आला आणि उतरला. खाली वाळूत उभा राहिला, काय करावं न सुचून त्याने हात वर केला. अप्पांनीही केला.

मग गोदाम आलं. दाजींनी उतरताना अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, तो उचलायला त्यांना वेळ लागला.

"शिंपीआळी!"

"हळू घ्या, अप्पा. पाय अडकतोय," शिंपी म्हणाला, आणि गळ्यातला टेप सावरत उतरला.

काकूंनी आपलं घर आल्यावर बाटली परत द्यायला काढली.

"ठेवा," अप्पा म्हणाले. "घरी लेकीला लागेल."

त्या पदर तोंडाला लावून उतरल्या आणि धुरळ्यात गेल्या. चौघंही रस्त्याच्या दिशेने चालत होती, मागे बघत. गाडीत आता ताई आणि बारक्या उरले. बारक्याचा कॅमेरा अप्पांच्या पाठीवर होता. मान कशी ताठ आहे, कानांमागे वाळू कशी साचली आहे, सगळं त्याला मिळत होतं. त्याला शेवट मिळाला होता, त्याने लिहिला होता त्याहून चांगला. ताईने त्याच्याकडे बघितलं. तो एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने टिपत होता.

अप्पांनी वरच्या आरशात बघितलं. आरसा तेवढा त्या सांगाड्यात धड राहिला होता. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ड्रायव्हरचं ते नेहमीचं, अनोळखी माणसांसाठी राखून ठेवलेलं आर्जव आलं.

"तुम्ही दोघं कुठे उतरणार?"

बारक्या हसला. मग थांबला. आरशातले अप्पा हसतील याची वाट बघत राहिला. आरशात दोन डोळे होते, अदबीने उत्तराची वाट बघणारे.

कॅमेरा खांद्यावरून खाली आला. त्याचं तोंड डावीकडे झालं, रस्त्याकडे, फरश्यांच्या जाहिरातीकडे. तो तसाच चालू होता. बारक्या ताईशेजारी येऊन बसला.

"शेवटच्या थांब्यापर्यंत," तो म्हणाला.

"मग बसा निवांत. लांब आहे."

अप्पांनी गिअर बदलला. पुढे मोठं वळण असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवलं, आणि बारक्या ताईच्या खांद्यावर कलला.