अडाणी होण्याचा दिवस

आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका एका सकाळी ठरवून अडाणी झाल्या. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली, मला निवृत्त होऊनही सहा झाली, तरी तो दिवस आठवला की मी एकटाच हसत बसतो आणि हसता हसता गप्प होतो.

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लांब बाक, वजनकाटा आणि औषधं द्यायची माझी खिडकी. आतल्या खोलीत तपासायचं टेबल आणि सिस्टर. डॉक्टरांची खुर्चीही होती, पण साथ आली तेव्हा त्यांना मोठ्या इस्पितळात बोलावून घेतलं आणि ते काही परत आले नाहीत. मग खुर्चीवर आम्ही कापसाचे गठ्ठे ठेवायला लागलो.

सिस्टर माझ्याहून चार वर्षांनी लहान, एकट्या, बोलायला फटकळ. गल्ली बंद झाली, माणसांना दवाखान्यापर्यंत येता येईना, तेव्हा त्यांनी कपाटातली बीपी मोजायची सातही यंत्रं बाहेर काढली. गल्लीत जिनेही सातच, दर जिन्याला एक यंत्र आणि दर जिन्यातली एक बाई. रस्त्याच्या मधोमध उभं राहून, स्वतःची बाही वर सारून त्या शिकवायच्या आणि बायका आपापल्या खिडकीत उभ्या राहून नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या दंडाला पट्टा गुंडाळायच्या. पुढे साखर तपासणं आलं, जखम बांधणं आलं, ताप-नाडी तर विचारूच नका. मी सुरुवातीला चांगलाच फुरंगटलो होतो. वीस वर्षं जी यंत्रं मी कोणाला हात लावू दिली नाहीत, ती आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलेली! सिस्टरना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, "कंपाउंडर, यंत्र जुनं झालं तर नवं मिळेल. तुम्ही फळा घ्या आणि आकडे लिहा."

रोज सकाळी अकराला मी फळा घेऊन रस्त्यावर उभा राहायचो आणि खिडक्यांतून आरोळ्या यायच्या. "तिसरा जिना, आजोबा, एकशे चाळीस-नव्वद!" "पाचवा जिना, आमचे हे, एकशे साठ, पण आत्ताच भांडलोय!" कोणाचं काही झाकलेलं राहिलं नाही. माझी वहिनी पहिल्या जिन्यावरची. माझं लग्न झालं नव्हतं, मी थोरल्या भावाकडेच राहायचो. तिचा आकडा वर गेला की भावाने आज काय दिवे लावले याची गल्लीभर चौकशी व्हायची. दिवस वाईट होते, मी काही त्यांना चांगले म्हणणार नाही. पण इतकी माणसं मला नावानिशी आणि आकड्यानिशी पाठ होती, तशी ना आधी कधी होती, ना नंतर. त्या अकराच्या आरोळ्यांची मला अजून आठवण येते.

साथ ओसरली. बायका घरच्या घरीच सगळं बघू लागल्या. अडलं, आकडा भलताच आला, तरच दवाखान्यात यायच्या. शुक्रवारी दुपारी मात्र सातही जणी यंत्रं घेऊन हजर व्हायच्या. सिस्टर एकेकीचा हात तपासायच्या, चुका काढायच्या, ओरडायच्या. ही दुपार कुठल्याच रजिस्टरात चढत नव्हती. रजिस्टरात चढायचे ते रुग्ण, आणि ते निम्म्याहून कमी झाले होते.

दीड वर्षाने पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. "सदर वस्ती आरोग्याच्या बाबतीत सक्षम झाली असल्याने" दवाखान्याचा निधी दुसरीकडे वळवण्याचा प्रस्ताव आहे, पाहणीसाठी अधिकारी येतील. म्हणजे दोन्ही खोल्यांना कुलूप, आणि सिस्टरची बदली देव जाणे कुठे. खरं सांगतो, मला खोल्यांचं एवढं दुःख नव्हतं. दुःख होतं ते सिस्टर जाणार याचं. घरी वहिनीच्या ते लगेच ध्यानात आलं. तिच्यापासून माझं काही लपत नसे.

ती म्हणाली, "भावोजी, तोंड पाडून बसू नका. सक्षम झालो म्हणून बंद करतायत ना? मग नाही झालो आम्ही सक्षम!"

चौथ्या जिन्यावरच्या टेलरबाईंच्या दुकानात, शिवणयंत्रांच्या मधे दाटीवाटीने बसून बेत ठरला. पाहणीच्या दिवशी कोणालाच काही येत नाही. सगळ्यांनी दवाखान्यात यायचं, साध्या शिंकेसाठीही यायचं, आणि थर्मामीटर बघून घाबरायचं. सिस्टरना यातलं काही सांगायचं नाही, कारण त्यांना खोटं खपत नाही. म्हणून त्या दिवशी एका अंथरुणाला खिळलेल्या आजींनी त्यांना घरी बोलावून घ्यायचं आणि जमेल तितका वेळ अडकवून ठेवायचं.

पाहणीला आलेले साहेब चाळिशीचे, सडपातळ, हातात फाइल. दारात आले आणि थबकले. बाकावर जागा नव्हती, पायऱ्यांवर रांग, रांग रस्त्यापर्यंत. टेलरबाईंनी थर्मामीटर उलटा धरला होता आणि "यातलं दूध कुठंय हो?" असं काहीतरी भलतंच मला विचारत होत्या. पाऱ्याला दूध म्हणायचं असं बेतात कुठेच ठरलं नव्हतं. दुसरी एक, जी डोळे मिटून पट्टी बांधू शकली असती, ती बोटाला खरचटलं म्हणून हुंदके देत होती. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं काम."

पहिला नंबर पोस्टमनकाकांचा. मी घाईघाईत त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि पंप दाबायला लागलो. एवढ्यात बाकावरून वहिनीचा आवाज आला.

"भावोजी! स्वेटरवरून? आणि नळी अशी बाहेरच्या बाजूला? हात तरी टेबलावर टेकवा त्यांचा! काय आकडा येणार आहे तो, कपाळ?"

वहिनीने जीभ चावली. मग टेलरबाई फिसकन हसल्या, आणि त्या हसल्यावर कोणालाच आवरेना. खरचटलेली बाईसुद्धा हुंदका अर्धा सोडून हसायला लागली. साहेबही हसले. हसून झाल्यावर त्यांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "म्हणजे कागदावर लिहिलंय ते बरोबरच आहे. वस्ती सक्षम आहे."

मी आयुष्यात कधी वरिष्ठांपुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"सक्षम काय हो साहेब? या बायका आपोआप शिकल्या? एका बाईने भर रस्त्यात उभं राहून शिकवलंय त्यांना. अजून दर शुक्रवारी शिकवते. ही माझी वहिनी आज मला बोलली ना, ती सिस्टरचीच भाषा आहे. आकडा दोनशेवर गेला की या कोणाकडे धावतात? नव्या भाडेकरूंना कोण शिकवणार? तुम्ही पीक बघताय आणि म्हणताय की आता विहीर बुजवा! अशी एक सिस्टर प्रत्येक वस्तीत असती, तर साथीत एवढी माणसं गेली नसती."

साहेब लिहीत होते. मला वाटलं, माझ्याविरुद्ध लिहितायत. त्यांनी शुक्रवारचं सगळं विचारून घेतलं, सातही जिन्यांची नावं उतरवून घेतली आणि सिस्टर परत यायच्या आत निघून गेले.

महिन्याने दुसरं पत्र आलं. दवाखाना चालू राहणार. निधी पूर्वीपेक्षा जास्त, आणि तो कशावर खर्चायचा ते वस्तीची समिती ठरवणार. सात जिन्यांच्या सात बायका समितीवर. टेलरबाईंनी पत्र मोठ्याने वाचलं, टाळ्या पडल्या, वहिनी तर नाचायचीच बाकी होती. मग शेवटचा परिच्छेद आला. सिस्टरना इतर अकरा वस्त्यांत हेच काम उभं करण्यासाठी नेमण्यात येत आहे. येथे नवी परिचारिका येईल. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत दवाखान्याच्या फळ्यावर नोंदवावी.

माझंच वाक्य साहेबांनी उचललं होतं. प्रत्येक वस्तीत अशी एक सिस्टर.

त्या संध्याकाळी वहिनीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि शेजारी बसली. "हरकत घेऊ या का? समिती एका शब्दावर घेईल. तुम्ही नुसतं म्हणा."

मी म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आला होता. पण मला पोस्टमनकाकांची धाकटी बहीण आठवली. ती कालव्यापलीकडे राहायची. साथीत तिच्या घरात बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र होतं, पण आकडा बघून घाबरायचं कधी, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं. काकांना ती गेल्याचं चार दिवसांनी कळलं. त्या अकरा वस्त्यांच्या यादीत कालव्यापलीकडची वस्ती पहिली होती.

"नको," मी म्हणालो. एरवी माझी फिरकी घेतल्याशिवाय जिला घास उतरत नसे, त्या वहिनीने त्या दिवशी माझ्या ताटात नुसती आणखी एक पोळी वाढली.

पंधरा दिवस फळा कोरा राहिला. मी रोज सकाळी तो पुसत होतो, पुसण्यासारखं काही नसतानाही. सिस्टर नेहमीसारख्या काम करत होत्या, नेहमीसारख्या ओरडत होत्या. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी मला पट्टा बांधायला लावला आणि म्हणाल्या, "आता जरा बरं जमतंय." मी पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला. मला वाटत होतं, आपण फार मोठं मन केलं. थोडा अभिमानही वाटत होता, लपवत नाही.

त्यांना न्यायला गाडी आली तेव्हा अख्खी गल्ली रस्त्यावर होती. बायका रडत होत्या, कोणी डबा देत होतं, कोणी शिवलेली पिशवी. मी त्यांचं सामान उचलून गाडीत ठेवत होतो. त्या बसल्या, काच खाली केली आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "कंपाउंडर, पंधरा दिवस मी रोज फळा बघत होते हो. मी गेलेच असते, जायलाच हवं होतं. पण वाटत होतं, एकाची तरी हरकत असेल."

त्यांची एक पिशवी दारात अडकत होती, ती मी आत सरकवली आणि दार नीट लावून घेतलं.