उजेड पुरला नाही

झेनाइदेने कॅमेऱ्याच्या काचेवरचं दव रुमालाच्या कोपऱ्याने टिपलं आणि ती पुन्हा पालथी पडली. अंगावर तागाची पोती, पोत्यांवर वाळका पाला. खाली नदी खडकांतून फेसाळत चालली होती. जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याचा, गारठा कोपरांतून हाडांत शिरत होता आणि ऊन समोरच्या कड्याच्या माथ्यावरच अडकून बसलं होतं.

"दिसतंय का काही?" शेजारी पडलेल्या थोरल्या भावाने, लिओन्सियोने विचारलं.

"हळू बोल ना, दादा. फेस दिसतोय नुसता."

तीच अडचण होती. फेसाच्या हिशेबाने कॅमेरा लावावा, तर काळं बदक खडकात विरून जाणार; बदकाच्या हिशेबाने लावावा, तर पाणी पांढरं फटक. लग्नांचे फोटो काढण्यात तिची तीस वर्षं गेली होती. पण नवरी 'जरा इकडे बघ' म्हटलं की बघायची. या बदकाला माणसाची चाहूल लागली, तर ते आठवडाभर त्या वळणावर फिरकत नसे.

अकरा वर्षांपूर्वी लिओन्सियोला ते इथेच दिसलं होतं, पिल्लांसकट. गावात कुणी मानलं नाही. ही जात या नदीवरून कधीच नाहीशी झाली, असं सगळे धरून चालले होते. अबीलियोच्या दुकानात त्याचं नाव 'बदकवाला' पडलं, तेव्हापासून त्याने त्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. यंदा काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ नेली, तेव्हा कुठे झेनाइदेने विचारलं होतं, "दादा, ती जागा दाखवतोस?"

"आली," तो एकदम कुजबुजला.

पाण्याच्या गोंगाटातून तिलाही मग ऐकू आलं. कुत्र्याच्या पिल्लाने भुंकावं तसा घोगरा आवाज.

खडकाआडून मादी निघाली. डोक्यामागे लांब तुरा, बारीक चोच. पाठीवर दोन पिल्लं, मागे तीन. झेनाइदेने श्वास रोखून तीनदा बटण दाबलं. तिसऱ्या वेळी मादीने मान वळवली, आणि क्षणात सगळी प्रवाहाबरोबर खाली निघून गेली.

तिने पडद्यावर पाहिलं. करडे फराटे आणि मधे एक काळा डाग.

"किती पिल्लं?"

"पाच. दोन पाठीवर." तिने कॅमेरा खाली ठेवला. "फोटो गेला, दादा. उजेड पुरला नाही."

"पाठीवर," तो पुटपुटला. "मी हे सांगितलं, तेव्हा सगळ्यांत आधी तूच हसली होतीस."

"हो."

त्याने पोती झटकून घडी घातली.

"उद्या परत येऊ या?" तिने विचारलं.

"नको. पिल्लं लहान आहेत. त्रास नको द्यायला."

परतताना तिने अबीलियोच्या दुकानासमोर गाडी थांबवली.

"तू बस. मी आलेच."

आत पत्त्यांचा डाव रंगला होता. बदक दिसल्याचं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मग खेळणाऱ्यांनी मागितला म्हणून कॅमेरा पुढे केला.

"हे बदक? हा तर माझ्या सासूचा अंबाडा!"

"घ्या! आता गावात बदकवालीणही झाली!"

झेनाइदेचे कान तापले. तिने कॅमेरा परत घेतला.

"हसा. मीही हसले होते. पाच पिल्लं होती, दोन आईच्या पाठीवर. माझ्या भावाने जसं सांगितलं होतं, अगदी तसं."

हसू मावळलं ते तिच्या बोलण्याने नव्हे. दारात लिओन्सियो उभा होता, चौकट चाचपत. कुणी काही बोलायच्या आत त्याने हाताने बाक शोधला आणि तो बसला.

"अबीलियो, दोन कॉफी दे. ही गारठलीये."

अबीलियोने कप मांडले. मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या तिबुर्सियोने पत्ते खाली ठेवले.

"लिओन्सियो, तेव्हा किती पिल्लं होती रे?"

"सात," तो म्हणाला, आणि बाकावर जरा सरकून त्याने बहिणीला जागा केली.