पहिली हळद

"थांब, थांब. तिला मंडपात जाऊच दिलं न्हाय? कोन ती भवानी?" सिद्धम्मांनी पदरानं डोळे पुसले.

शिवप्रियानं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. "नणंद, आत्याबाई."

"मुडदा बशिवला तिचा!"

अणदूरच्या वाचनालयात शिवप्रिया पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, छापील अक्षर दिसेनासं झाल्यापासून ती रोज दुपारी घरी वाचून दाखवायची. सिद्धम्मांना मराठीत आलेल्या बंगाली कादंबऱ्याच हव्या असत. त्यातल्या पांढऱ्या वस्त्रातल्या, एकादशीला पाण्याच्या घोटालाही महाग झालेल्या विधवांसाठी त्या अगदी मनापासून रडत. स्वतः विधवाच होत्या. आणि मुलगा बसवेश गेल्यापासून सूनही.

नात गायत्रीचं लग्न ठरलं तेव्हा सिद्धम्मा आपणहून म्हणाल्या, "लेक तू वाढिवलीस. पहिली हळद तूच लावायची. कोन अडिवतंय ते म्या बघते."

शिवप्रियानं विश्वास ठेवला. वेडीच ती! हळदीच्या सकाळी तिनं नवऱ्यामागं कधी घडी न मोडलेली जांभळी इरकल काढून नेसली. अडवायला दुसरं कुणी आलंच नाही. दारात सिद्धम्माच उभ्या होत्या.

"तू सैपाकाकडं बघ. पार्वतम्मा लावंल हळद."

"आत्याबाई, तुमीच म्हणला हुता..."

"म्हणले हुते. पर पोरीच्या संसाराचा सवाल हाय. माझ्या लेकीच्या लग्नात म्याबी चुलीपाशीच बसले हुते. झिजले का?"

पाटावरची गायत्री मान वळवून आईला शोधत होती. शेजारच्या सवाष्ण पार्वतम्मानं तिची हनुवटी धरून मान सरळ केली नि गालाला हळद लावली. शिवप्रिया आत गेली. परक्या कुणी अडवलं असतं तर ती कडाकडा भांडली असती. पण इतकी वर्षं जिच्या शेजारी बसून ती रडली, तिनंच दार अडवलं होतं. नव्या साडीतच तिनं भाताचं आधण ठेवलं.

लेक सासरी गेली, पाहुणे पांगले. दुपारी सिद्धम्मा भिंतीला टेकल्या. "वाच की गं. पुढं काय झालं त्या पोरीचं?"

शिवप्रियानं पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. "लेकीच्या हळदीला तिला सैपाकघरात बसवलं."

"अगं बाई! पोटच्या लेकीच्या?" सिद्धम्मांनी पदर उचलला. "कोन ती भवानी?"

"सासू."

डोळ्यांकडे निघालेला पदर वाटेतच थांबला.

"वाचू का पुढं?" शिवप्रियानं विचारलं.