पोटाचा जोर

जागच्या जागी चालवायची मास्तरांची सायकल साडेतीन मिनिटांच्या पुढे जाईना, आणि मी हार मानणाऱ्यातली नाही. आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेणं हा माझा धंदाच आहे.

मास्तरांनी जन्मभर ट्रम्पेट वाजवला. आता फुप्फुसं जुन्या दुखण्याने थकलेली, पण दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मुलांना ट्रम्पेट शिकवायची हौस तशीच. मुलीने मात्र निक्षून सांगितलं होतं, "महिनाअखेर चक्कर न येता जिना चढलात तर ठीक. नाहीतर खोलीला कुलूप."

गंमत म्हणजे बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ठीक दिसायचा, तरी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी आपली ओरडत होते, "सोडा श्वास! जोर लावून सोडा!"

नवव्या दिवशी त्यांचा पट्टा सैल करायला गेले आणि हात पोटाला लागला. दगड! दर श्वास सोडताना पोट घट्ट. हा माणूस सायकलवर बसून ट्रम्पेट वाजवत होता, आणि वर मी त्याला चढवत होते. मला भयंकर लाज वाटली.

"मास्तर, चूक माझी," मी म्हणाले. "पोटाने असा जोर लावला की छातीत दाब वाढतो. हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. आलंच नाही ते हृदय पुढे ढकलणार कुठून?"

"चाळीस वर्षं पोटातून फुंकलंय, बाई. आता फुंकायला तुमच्याकडून शिकू?"

"फुंकायचंच नाही. ओठ जरा आवळा, पोट ढिलं ठेवा आणि श्वास आपसूक जाऊ द्या."

तीन दिवस त्यांनी नाक मुरडलं. चौथ्या दिवशी सहा मिनिटं सायकल चालवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ही युक्ती त्यांचीच.

महिनाअखेरीस आम्ही जिन्याशी उभे राहिलो. मास्तर पुढे, शेजारी मी, आणि मागे प्लास्टिकची खुर्ची उचलून मुलगी. पहिल्या वळणावर त्यांचा श्वास जोरात सुटू लागला.

"पोट!" मी दरडावलं. त्यांनी मुकाट्याने ढिलं सोडलं. मग एकेक पायरी, सावकाश, थेट वरपर्यंत.

"चक्कर?" मुलीने विचारलं.

"छे."

ती खुर्ची धरूनच रडायला लागली. "मला वाटायचं, बाबा, एक दिवस तुम्ही या जिन्यातच जाल. म्हणून म्हणत होते कुलूप लावते."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग खुर्ची काढून घेतली आणि खोलीत नेऊन मांडली.

"बरं झालं आणलीस," ते म्हणाले. "उद्या सात जण यायचेत."