एक शब्दही न बोललेला वकील

मी पोपट बोलतोय. नीट ऐकून घ्या, पुन्हा सांगायचा नाही. उभ्या आयुष्यात माणसाच्या भाषेतला एक शब्द मी चोचीतून काढलेला नाही. आज तुमच्यापुढे बोलतोय ते एवढ्यासाठी, की तुम्ही अजून मला मिरची दाखवून "मिठू, मिठू" केलेलं नाही. करूही नका. लगेच पाठ फिरवीन.

आणि हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. तुमच्यात कोणाची फजिती झाली की त्याचा पोपट झाला म्हणता. न समजता घोकलं की ती पोपटपंची. आम्ही तुमचं काय घोडं मारलंय? झाडावरून आम्ही तुम्हाला बोलवायला आलो होतो का?

माझा जन्म एका उंच झाडाच्या ढोलीतला. आत ऊब होती, अंधार होता आणि भावंडांची ढकलाढकल होती. पिसं फुटतात न फुटतात तोच एक हात आत आला. त्या हाताला तंबाखूचा वास होता, एवढं आठवतं. मग टोपली, टोपलीवर ओलं फडकं आणि पाखरं विकणाऱ्याचं दुकान. तिथे माझ्या अंगावर अंग टाकून झोपणारं एक पिल्लू होतं. तीच ही, माझ्या शेजारी बसलेली. तेव्हापासून आम्ही एका दांडीवर आहोत.

आम्हाला नेलं ते एका इस्त्रीवाल्याने. त्याची थोरली मुलगी तेव्हा रांगत होती आणि पाखरं बघून हात हलवत होती, म्हणून त्याने जोडी घेतली. विकणाऱ्याने जाता जाता ज्ञान दिलं. "ज्याच्या गळ्यात पट्टा येईल तो नर. बोलेल तर तोच बोलेल. मादीचं काय, नुसती शोभेला."

इस्त्रीवाल्याने मान हलवली आणि ते ज्ञान जन्मभर जपून ठेवलं. पुढे पट्टा आला तो माझ्या गळ्याला, काळा आणि गुलाबी. घराने लगेच माझं नाव ठेवलं वकील. हिच्या गळ्याला काहीच आलं नाही. हिचं नाव ठेवलं मुकी.

आता खरं काय ते ऐका. बोलायची ती. पहिल्यापासून तीच. मी कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं घरातल्या माणसांना कळलं कसं नाही? तुमचं घर आठवून बघा. त्या घरात ऐकायला सगळे होते, बघायला कोणी नव्हतं. पुढच्या खोलीत कांबळं अंथरलेलं लांब टेबल, त्यावर इस्त्री, भिंतीलगत कपड्यांची गाठोडी. मागच्या खोलीत चूल, पाट्या, मुलींची दप्तरं. मधल्या बोळकांडीत आमचा पिंजरा. पुढून बघाल तर कपड्यांचा ढीग आड, मागून बघाल तर फ्रिज आड. आवाज मात्र दोन्हीकडे चोख जायचा. कोणीतरी पिंजऱ्यातून बोललं की पुढचा म्हणायचा, वकील बोलला. मागची म्हणायची, वकील बोलला. हातातलं काम टाकून बोळात येऊन कोण बघणार?

धाकट्या मुलीने एकदा बघितलं होतं. "बाबा, मुकी बोलते," म्हणाली. तिला पाढे म्हणायला बसवलं.

त्या घराची एक खोड होती. दारात गिऱ्हाईक हाक मारायचं, आणि इस्त्रीवाला ओरडायचा, "आलो." त्याची बायको, तिला मी नुसतं बाई म्हणतो, मागून ओरडायची, "आले, आले." थोरली माडीवरून "आले". आणि यायचं कोणीच नाही. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा गेला. गिऱ्हाईक बिचारं उंबऱ्यावर उभं. कोणी कंटाळून निघून जायचं, जाताना दोन शब्द सुनावून.

मुकीने हे ऐकलं आणि उचललं. अगदी बाईच्या गळ्यातून काढल्यासारखं, "आले, आले." दारात हाक आली की ही चालू. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा. गिऱ्हाईकाला धीर यायचा, की आत कोणीतरी हलतंय. ते थांबायचं. मग जो मोकळा होईल तो जायचा. गिऱ्हाइकं तुटायची थांबली, आणि नाव झालं माझं. वकिलामुळे दुकान चालतं म्हणे. फी म्हणून मिरची माझ्याच तोंडासमोर यायची. मी ती घ्यायचो, दोनदा चावायचो आणि हिच्या वाटीत टाकायचो. आमचा हिशोब चोख होता.

मी का बोललो नाही? जमत नव्हतं म्हणून नाही. तुम्ही मला "राम राम" म्हणायला लावणार, मी म्हणणार, तुम्ही टाळ्या पिटणार. कशासाठी? मला माझा आवाज आहे. कर्कश आहे, मला आवडतो. मुकी बोलायची ती तिची मर्जी, तिला मजा यायची. माझी मर्जी वेगळी. पिंजरासुद्धा मी अजून मान्य केलेला नाही. रोज सकाळी कडीवर चोच मारतो. उघडत नाही, मला माहीत आहे. तरी मारतो. कडीला कळलं पाहिजे.

असं सगळं चाललं होतं. मग आत्या आली.

आत्या म्हणजे इस्त्रीवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच याला लहानाचा मोठा केला. जन्मभर बस स्टँडच्या तिकीट खिडकीवर बसली. समोरच्याचा चेहरा बघायचा नाही, हात बघायचा, सुटे घ्यायचे, तिकीट द्यायचं आणि म्हणायचं, "पुढचे." नवरा वारला, मग नोकरी संपली. दोन खोल्यांत एकटी. एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "बाळ, तुझा वकील मला दे. घरात कोणीतरी बोलायला पाहिजे. नाहीतर माझाच आवाज मला ओळखू यायचा नाही."

ती गेल्यावर बोळाच्या दोन्ही बाजूंनी वाद सुरू झाला. बाई म्हणाली, अहो, गिऱ्हाईक मग कोण थोपवणार? तो म्हणाला, ताईने आजवर कधी काही मागितलंय? बाई म्हणाली, मग मुकी द्या. तो म्हणाला, बोलायला माणूस मागितलं आणि मुकी देऊ? लाज वाटेल मला.

"मग दोघं द्या."

"एवढा पिंजरा तिच्या घरात मावायचा नाही. आणि मुकीला काय, ती गप्पच असते. तिला काय फरक पडतोय?"

हे वाक्य माझ्या डोक्यात अजून खिळ्यासारखं आहे. तिला काय फरक पडतोय. ती माझ्या शेजारी बसून ऐकत होती.

मला लहान पिंजऱ्यात घातलं तेव्हा मी इस्त्रीवाल्याचं बोट फोडलं. मुकी मोठ्या पिंजऱ्याच्या तारांना धरून उलटी लटकली होती. रिक्षा वळेपर्यंत तिचा आवाज येत होता. "आले, आले."

आत्याचं घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की चिडायला निमित्त मिळेना. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची. बोल ना रे. वकील ना तू? पेरू कापून द्यायची. मी वाटी उलटी करायचो. पडदा हाताशी आला, तो फाडला. तिने बोट आत घातलं, ते चावलो. तिने पट्टी बांधली आणि परत समोर येऊन बसली.

"वकिला, माझं काय चुकलं ते तरी सांग."

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं. ती म्हातारी वाईट नव्हती. पण तिला घरात आवाज हवा होता आणि तो आणताना माझी दांडी मोडली होती. एकटेपणावर हा कसला इलाज, की दुसऱ्याला एकटं करायचं? मी बोललो नाही. खाणंही अर्ध्यावर आणलं. पिसं उपटायला लागलो.

शेवटी तिने भावाला फोन लावला. हातात भाजी होती म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाळ, तुझा पोपट बोलत नाही रे."

"असं कसं होईल ताई?" तिकडून इस्त्रीचा सरसर आवाज येत होता. "रात्रंदिवस टकळी चालू असते त्याची. सकाळी चार गिऱ्हाइकं थोपवली त्याने. आत्तासुद्धा..."

आणि मागून आलं, "आले, आले."

इस्त्रीचा सरसर आवाज थांबला.

आत्याने सुरी खाली ठेवली. "वकील माझ्यासमोर बसलाय," ती सावकाश म्हणाली. "मग तिथे कोण येतंय?"

बघा तुम्ही. मी जाऊन इतके दिवस झाले होते. ती बोलत होती, गिऱ्हाईक थांबत होतं, आणि त्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की वकील गेला तर वकिली कोण करतंय. बाईला वाटलं, थोरली बोलते. थोरलीला वाटलं, आई. इस्त्रीवाला तर विचारच करायचा नाही, सवयीने ऐकायचा. त्या दिवशी तो पहिल्यांदा ढीग ओलांडून बोळात गेला आणि पिंजऱ्यासमोर उभा राहिला. इस्त्री टेबलावर तशीच. कोणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावर तिचा ठसा उमटला, तो त्याला पुढे भरून द्यावा लागला. मला आनंदच झाला.

पण तो नंतर. त्या क्षणी मला फक्त तिचा आवाज ऐकू आला होता, त्या टेबलावरच्या डबीतून. मी माझ्या आवाजात ओरडलो. पूर्ण ताकदीने. आत्याने कानांवर हात ठेवले. तिकडून मुकीही तशीच ओरडली. माणसांचे शब्द दोघांनी बाजूला टाकले.

तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. माणसं एवढ्या लवकर शहाणी होत असती तर काय हवं होतं. त्या दोघांनी काय ठरवलं? अदलाबदल. हा मुका निघाला, तो परत. बोलणारी ती, तिला ने.

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन आली. इस्त्रीवाल्याने लहान पिंजऱ्याचं दार मोठ्याच्या दाराला भिडवलं आणि दोन्ही दारं वर उचलली. पद्धत अशी, की आधी मी तिकडे जायचं, मग तिला इकडे हाकलायचं. पण मी जायच्या आधी तीच इकडे आली, आणि माझ्या शेजारी इतकी चिकटून बसली की मधून वारा जाऊ नये. इस्त्रीवाल्याने पट्टीने ढकललं. दोघं तिकडे गेलो. पुन्हा ढकललं. दोघं इकडे. तिसऱ्यांदा त्याने हात घातला. मी दारातच बसलो, पंख पसरून. ज्या बोटाला आधी चावलो होतो, तेच बोट निवडलं.

"काय माजलाय," तो बोट झटकत म्हणाला. "वकील म्हणे."

बाई फ्रिजला टेकून बघत होती. हाताला भिजवलेलं पीठ तसंच. ती म्हणाली, "अहो, तो वकील नाही. नवरा आहे."

धाकटी म्हणाली, "मी सांगितलं होतं." तेही कोणी ऐकलं नाही.

इस्त्रीवाल्याने जाड हातमोजा शोधायला सुरुवात केली. मला वाटलं, आता संपलं. हातमोज्यापुढे चोचीचं काही चालत नाही. तेवढ्यात दारात हाक आली, "कपडे झाले का हो?"

"आलो," इस्त्रीवाला हातमोजा शोधत म्हणाला.

"आले," बाई पिठाचे हात बघत म्हणाली.

"आले, आले," मुकी माझ्या पंखाआडून म्हणाली.

आणि आत्या उठली. जन्मभर खिडकीवर बसलेली बाई. समोर कोणी उभं राहिलं की स्वस्थ बसवतच नाही तिला. ढीग ओलांडून ती दारात गेली. "बोला. नाव काय? कुठलं गाठोडं? हे घ्या. सुटे द्या." मग सवयीने म्हणाली, "पुढचे." पुढचं कोणी नव्हतं, तरी एक माणूस रस्त्यावरून वळून आत आला आणि विचारायला लागला, इस्त्रीचे किती घेता म्हणून.

आत्या बराच वेळ दारात राहिली. परत आली तेव्हा चेहरा वेगळाच होता. इस्त्रीवाल्याच्या हातात हातमोजा होता. तिने तो घेतला आणि खुंटीला लावला.

"राहू दे त्यांना. मला कोणाला न्यायचं नाही," ती म्हणाली. "मीच येत जाईन."

तेव्हापासून ती रोज येते. दाराशी तिची खुर्ची आहे. त्या घरात "आले" म्हणून खरोखर येणारं ते पहिलं माणूस.

आता नावं बदलली आहेत. हिला वकिलीणबाई म्हणतात, मला मुका. मिरची सरळ तिला मिळते. ती देठ माझ्याकडे टाकते, बाकीची स्वतः खाते. तिचा हिशोब माझ्याइतका चोख नाही. माझी चोच वाढली आहे, पिसांचा रंग उतरलाय, एका पायाचं नख गेलंय. दुपारी आत्या रिकामी असली की पिंजऱ्यापुढे येते. म्हणते, एकदा तरी बोल रे मुक्या, मरायच्या आधी. मी ऐकतो. इतक्या वर्षांत ऐकून ऐकून एक शब्द माझ्याकडे अगदी तयार आहे. बोलायचा नाही.

तुमच्याकडे माझं मागणं फार नाही. आम्हाला झाडावरून काढू नका. काढलंच असेल तर एका दांडीवरचे दोघे वेगळे करू नका, आणि "तिला काय फरक पडतोय" हे बोलायच्या आधी पिंजऱ्यासमोर घटकाभर उभे राहा. ऐकू नका. बघा.

पुरे झालं. मी उद्या सकाळी पुन्हा कडीवर चोच मारणार आहे. तुम्ही उठा आता. मघापासून तुमच्या दारात कोणीतरी हाक मारतंय आणि तुम्ही इथूनच "आलो" म्हणालात. मी ऐकलंय.

म्हणालात ना? मग जा.