डाव्या बाजूचं बटण

नानांची सकाळ अफवांनी सुरू व्हायची. समोर चहाचा कप, हातात टॅबलेट, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि अक्षरं इतकी मोठी केलेली की स्क्रीनवर एका वेळी चार-पाच शब्दच मावायचे. आयुष्यभर लोकांचे कोट शिवलेला हा माणूस म्हातारपणी एका अजून बाजारात न आलेल्या कॅमेऱ्याच्या मागे लागला होता.

"घुबड काय म्हणतोय?" सून स्वयंपाकघरातून विचारायची.

घुबड म्हणजे इंटरनेटवरचा कुणीतरी. कंपन्यांच्या आतल्या बातम्या तो आधीच फोडायचा. त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. नावाच्या जागी तो घुबडाचं चित्र लावायचा, म्हणून नानांच्या लेखी तो घुबड. आता तर नाना त्याच्याबद्दल लांबच्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलायचे.

"सेन्सर नवा आहे म्हणतोय. अंधारात मांजराला दिसत नाही ते याला दिसणार. आणि आपण डोळा फिरवू तिकडे फोकस."

"आणि बटण?"

"बटणाचं पक्कं नाही," नाना कप खाली ठेवत म्हणायचे. "पण नाही असंही म्हणालेला नाही."

सून नाचाच्या आणि नाटकाच्या कार्यक्रमांचे फोटो काढायची. लग्नाआधीपासूनचा तिचा हा धंदा. रंगमंचाच्या कडेला काळे कपडे घालून ती अशी उभी राहायची की पडद्याची घडी वाटावी. मग गेल्या वर्षी एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून गळून पडला आणि तिला तो उचलता येईना. डोक्यातली गुठळी डॉक्टरांनी वेळेत विरघळवली. बोलणं परत आलं, पाय थोडासा ओढत का होईना, पण परत आला. उजवा हात मात्र रुसूनच बसला. बोटं मिटायची, पण मिटली की उघडायला डाव्या हाताला यावं लागायचं.

आणि कॅमेरा कुठल्याही कंपनीचा घ्या, तो उजव्या हातासाठीच. पकड उजवीकडे, बटण उजवीकडे, सगळी चाकं उजवीकडे. इतकी वर्षं तिला हे कधी जाणवलंच नव्हतं. आपलं नाक सतत डोळ्यांसमोर असून दिसत नाही, तसं. कॅमेरा तिपाईवर लावून फोनवरून फोटो काढता येतो, हे तिला चार जणांनी समजावून सांगितलं होतं. तिने करूनही पाहिलं. पण नाचणारी माणसं तिपाईसाठी थांबत नाहीत. ती तिपाई सरकवेपर्यंत तो क्षण दुसऱ्या कोपऱ्यात गेलेला असायचा.

तेव्हापासून ती घरी बसून दुसऱ्यांनी काढलेले फोटो निवडून, सुधारून द्यायची. डाव्या हाताने माउस चालवायची. काम येत होतं, लोक खूश होते. "दुसऱ्याच्या घरचे तांदूळ निवडून द्यायचे, आणि भात त्यांनी खायचा," असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली होती. तो छापखान्यात पाळीवर असायचा. त्या दिवशी त्याने नुसतं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नानांना जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नानांनी कॅमेऱ्यांचं वाचायला घेतलं.

घुबडाने फोडलेल्या बातम्यांमध्ये एक धूसर फोटो होता. नव्या कॅमेऱ्याला खालून जोडायची एक पकड, आणि तिच्या डाव्या टोकाला उंचवट्यासारखं काहीतरी. डाव्या हातासाठी बटण येणार, अशी कुजबुज सुरू झाली. नानांनी तो फोटो इतका मोठा करून पाहिला की शेवटी नुसते चौकोन उरले.

"हे बघ. इथे फुगवटा आहे. शिंपी उगाच फुगवटा ठेवत नाही, आत काहीतरी असतं."

"सावली असेल, नाना."

"सावलीला कडा असते का इतकी?"

ती हसून उठायची. पण हाताच्या व्यायामासाठी जायची त्या दवाखान्यात पाळी येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या तीही फोनवर तोच फोटो उघडायची.

कॅमेरा जाहीर व्हायचा तो दिवस उजाडला. नवऱ्याने पाळी बदलून घेतली होती. तिघं टीव्हीसमोर बसले. कंपनीचा माणूस मंचावर फिरत एकेक गोष्ट सांगत होता. सेन्सर घुबड म्हणाला तसाच होता. डोळ्याने फोकस होत होता. एका सेकंदात चाळीस फोटो निघत होते. मग पडद्यावर ती पकड आली आणि सावकाश गोल फिरली. नाना पुढे वाकले. डाव्या टोकाला बॅटरीच्या झाकणाची कडी होती. बाकी काही नव्हतं.

"दाखवायचं राहिलं असेल," नाना म्हणाले.

"राहिलं नाही, नाना."

"नंतर दाखवतील."

"नाना."

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले. पुसून झाल्यावरही तो डोळ्यांवर चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी टॅबलेट कपाटात गेला. सुनेने नेहमीप्रमाणे विचारलं, "घुबड काय म्हणतोय?"

"त्याचं काय ऐकायचंय. उडून जाऊ दे त्याला."

ती त्यांच्यासमोर येऊन बसली. "दुकानात कॅमेरा हाताळायला ठेवणार आहेत ना? तुम्ही आपलं नाव दिलं होतंत."

"आता कशाला जायचं? नसती हौस."

"मला बघायचाय."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांची समजूत घालतेय, असं त्यांना वाटलं. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी नाना आडवे झाले की ती जुना कॅमेरा घेऊन गच्चीवर जायची आणि तो उलटा धरायची. अगदी डोकं खाली, पाय वर. असा धरला की उजवीकडची पकड डावीकडे येते, बटण खालच्या बाजूला जातं आणि डाव्या अंगठ्याखाली बसतं. कॅमेऱ्याचं बूड कपाळाला टेकतं. दृश्य सरळच दिसतं, पण त्यावरचे सगळे आकडे उलटे, चाकं उलटी फिरतात, आणि नंतर संगणकावर बघावं तर जग शीर्षासन करत असतं. त्यात पट्टा खाली लोंबतो, आणि घाम आला की कॅमेरा हातातून निसटायला बघतो. गच्चीवरच्या कबुतरांचे तिने अशा पद्धतीने पुष्कळ फोटो काढले होते. बहुतेकांत नुसत्या शेपट्या. नव्या कॅमेऱ्याचा आकार उलट्या हातात कसा बसतो, एवढंच तिला बघायचं होतं.

दुकानात गर्दी होती. काचेच्या टेबलावर कॅमेरा तारेने बांधून ठेवला होता, आणि कंपनीकडून आलेली एक बाई प्रत्येकाला तेच तेच हसून सांगत होती. सुनेची पाळी आली. तिने डाव्या हाताने कॅमेरा उचलला आणि एका झटक्यात उलटा केला.

"ताई, ताई, सांभाळून," म्हणत दुकानदार टेबलाला वळसा घालून धावत आला.

"मॅडम, तुम्ही उलटा धरलाय," कंपनीची बाई म्हणाली.

"हो," असं म्हणून तिने डोळा लावला.

आकडे सरळ होते. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिने कॅमेरा सरळ केला. आकडे सरळ. पुन्हा उलटा केला. क्षणभर थांबून सगळे आकडे वळले आणि सरळ उभे राहिले. तिने अंगठा हलवला. तो बटणावरच होता.

"नाना," ती डोळा न काढता म्हणाली, "अक्षरं फिरतात."

"कसली अक्षरं?"

"उलटा धरला तरी सरळ वाचता येतंय."

नानांना अर्थ लागेना. ते कंपनीच्या बाईकडे बघू लागले.

"अच्छा, ते होय," ती म्हणाली. "ते व्हिडिओवाल्यांसाठी आहे. क्रेनला कॅमेरा उलटा टांगतात ना, त्यांच्यासाठी. माहितीपुस्तिकेत शेवटी कुठेतरी एक ओळ आहे. आजवर कुणी विचारलं नाही मला."

"मग फोटो सरळ साठवला जातो?" सुनेने विचारलं.

"जातो ना."

"आणि ही चाकं उलटी फिरवता येतील?"

बाईला ते माहीत नव्हतं. तिने मेनूत शोधायला घेतलं आणि बऱ्याच खटाटोपानंतर तिला ते सापडलं. तेव्हा तिलाच जास्त आनंद झालेला दिसला. मग तिने विचारलं, "पण तुम्ही असा का धरता?"

सुनेने कॅमेरा ठेवला, डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि काचेवर ठेवला. "हा सध्या पाहुणा आहे. कामाला हात लावत नाही."

बाईने अरेरे वगैरे काही म्हटलं नाही. तिने खिशातून फोन काढला. "मग मला सगळं दाखवा. काय चालतं, काय अडतं."

अडत होतंच. फोकसची जागा हलवायची छोटी दांडी उलटीच चालत होती, वर ढकलली की खाली जायची. एक बटण अंगठ्याच्या आवाक्याबाहेर होतं. बाई फोनमध्ये टिपून घेत होती. मागे उभे असलेले लोक आधी कुरकुरले, मग त्यातले दोघं-तिघं वाकून बघू लागले. "कंपनी बदल करेल असं मी वचन नाही देऊ शकत," बाई म्हणाली. "पण हे ज्यांनी बनवलंय त्यांच्यापर्यंत मी स्वतः पोचवीन."

"एखादा फोटो काढून बघा," दुकानदार आता निवांत झाला होता.

सुनेने कॅमेरा नानांवर रोखला. नाना लगेच पासपोर्टला बसल्यासारखे ताठ झाले.

"नाना, श्वास घ्या."

तिने अंगठा दाबला. वेगाची सेटिंग आधीच्या गिऱ्हाइकाने ठेवली होती तशीच होती, त्यामुळे एका दमात नानांचे चाळीस फोटो निघाले. पहिल्यात ते गंभीर होते, मधल्यांत गोंधळलेले, आणि शेवटच्या काहींमध्ये चक्क हसत होते. ती एकेक पुढे सरकवत राहिली. शेवटच्या फोटोत नानांच्या डोळ्यांच्या कडेची प्रत्येक सुरकुती स्वच्छ होती. आणि तो फोटो तिने काढला होता.

"नाव नोंदवा," नाना दुकानदाराला म्हणाले. कॅमेरा यायला वेळ लागणार होता. लागू दे, असं दोघांनी एकदमच म्हटलं.

घरी जाताना नाना म्हणाले, "तू हे उलटं धरायचं कधी शिकलीस?"

तिने गच्चीचं सांगितलं. कबुतरांच्या शेपट्यांचंही सांगितलं.

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही बटणाची इतकी वाट बघत होतात, नाना. म्हटलं, माझी ही कसरत कशाला मध्ये आणायची."

नाना चालता चालता तिच्या डाव्या हाताकडे बघू लागले. "हातातून घसरत असेल."

"घसरतो."

"घसरणारच. पट्टा भलत्या बाजूला आहे."

घरात शिरल्या शिरल्या त्यांनी शिलाई मशीनवरचा कपडा काढला. तिचा डावा तळवा टेबलावर ठेवून घेतला, मनगटाचं माप घेतलं, बोटं मिटवून घेतलं, उघडून घेतलं. जाड कॅनव्हास, आतून मऊ चामडं, आणि कॅमेऱ्याच्या बुडाला तिपाईसाठी जे भोक असतं त्यात बसणारा स्क्रू. पहिला पट्टा इतका घट्ट झाला की तिची बोटं गार पडली. दुसरा सैल. तिसऱ्यात हात असा बसला की तिने पंजा पूर्ण उघडला तरी जुना कॅमेरा पडला नाही. नानांनी खाली उशी धरून ठेवली होती, ती त्यांनी हळूच बाजूला केली.

त्याच संध्याकाळी तिने नाच शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. आजारपणानंतर बाईंनी दोन-तीनदा विचारपूस केली होती. तिनेच बोलणं टाळलं होतं.

"बाई, तालमीला आले तर चालेल?"

"तालमीला कशाला? कार्यक्रमालाच ये."

"आधी तालीम. नवा कॅमेरा यायचाय अजून, जुन्यावरच काढणार. निम्मे वाया जातील."

"माझ्या मुलींची निम्मी पावलं चुकतात," बाई म्हणाल्या, "म्हणून मी क्लास बंद केलाय का? ये."

तालमीचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. एका भिंतीला आरसे, लाकडी जमीन, उंच खिडक्यांमधून येणारा तिरपा उजेड. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पहिला अर्धा तास तिच्या हाती काही लागलं नाही. उलटे आकडे वाचेपर्यंत मुली पुढे निघून जायच्या, चाक भलतीकडे फिरायचं, फोटो कधी काळे यायचे, कधी पांढरेफटक. अंगठा दुखायला लागला. नंतर केव्हातरी तिने आकडे वाचणं सोडून दिलं आणि नुसती पावलं ऐकू लागली. पूर्वी ती तेच करायची.

विश्रांतीत बाईंनी कॅमेरा मागितला. त्यांनी तो सरळ धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या सगळ्या डोक्यावर का उभ्या आहेत?"

"उलटा करा, बाई. हा जुना आहे, याला कळत नाही."

मुलींनी घोळका केला. बाई एकेक फोटो बघत गेल्या. पाय कापलेले, हललेले, निम्मा आरसाच आलेला. मग एका फोटोपाशी त्या थांबल्या. गिरकी संपवून थांबलेली मुलगी, केस अजून हवेतच, आणि चेहऱ्यावर आपल्याला हे जमलं याचं तिलाच वाटलेलं नवल.

"मीच का ही?" मागून त्या मुलीने विचारलं.

"हा मला मोठा करून हवा," बाई म्हणाल्या. "आणि कार्यक्रमाला तू येणारेस. कुठल्याही कॅमेऱ्यावर काढ."

सुनेने कॅमेरा परत घेतला, हात पट्ट्यात सरकवला आणि हॉलभर नजर फिरवली. आरशाच्या बाजूच्या दारातून काढला तर उजेड मुलींच्या पाठीमागून येईल, हे तिला आत्ता दिसलं होतं.

"तो शेवटचा तुकडा पुन्हा घ्याल का?" ती म्हणाली. "मी दाराजवळून बघते."